मीटिंगच्या रेकॉर्डिंगमधून रिक्वायरमेंट काढायला एआय: भरवसा कुठवर?

गोदामघर

नमस्कार मंडळी. किराणा आणि साबण-तेलाच्या एका वितरकासाठी बिलिंग, उधारी आणि माल पाठवणी यांचे सॉफ्टवेअर करायचे आहे. मालक, मुनीमजी आणि गोदाम सांभाळणारे यांच्याबरोबरच्या सात मीटिंगचे रेकॉर्डिंग हाताशी आहे, प्रत्येक तासाभराचे. बोलणे मराठी, मध्येच हिंदी, आकडे बऱ्याचदा इंग्रजीत. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा चार महिन्यांचा मजकूर आणि मुनीमजींच्या दोन एक्सेल शीट.

सगळे मजकुरात उतरवून एका भाषा-मॉडेलला एकदम दिले आणि रिक्वायरमेंटची, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायला हवे याची, यादी मागितली. १८४ मुद्द्यांची देखणी यादी आली. "बिलाची प्रत ग्राहकाला ईमेलने जावी" हे कोणीच बोललेले नाही, तरी त्यात आहे. माल परत आला की स्कीमचा फुकट नगही परत धरायचा, हे मुनीमजींनी दोनदा सांगितले, ते त्यात नाही. तेच पुन्हा चालवले तर १७१ मुद्दे, क्रमांक सगळे वेगळे.

प्रत्येक मुद्दा कुठून आला हे पक्के कसे बांधायचे? दुहेरी आणि एकमेकांविरुद्ध जाणारे मुद्दे शोधायला काय वापरता? आणि मालकांनी उद्या एखादा नियम बदलला तर कशाकशाला हात लावावा लागेल, हे एआयकडून काढता येते का? कामांची नोंद जिरा या टूलमध्ये आहे. रिक्वायरमेंटसाठी वेगळे महागडे टूल घेण्याइतका प्रकल्प मोठा नाही.

ओळक्रमांक

एकदम सगळे दिले, तिथेच घोळ झाला. लांबलचक मजकुराच्या मधल्या भागातले तपशील मॉडेलकडून जास्त सुटतात. आणि "यादी दे" म्हटले की यादी भरल्यासारखी दिसावी म्हणून ते कुठल्याही बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये असतात त्या गोष्टी घालून देते. ईमेलचा मुद्दा तिथून आला. म्हणून आधी रिक्वायरमेंट लिहून घेऊच नका, ओळी उचलून घ्या.

उतरवलेल्या मजकुराच्या प्रत्येक ओळीला कायमचा क्रमांक द्या, त्यात मीटिंग, ओळ, वेळ आणि बोलणारा यावेत: "मी३-०४१२, ००:३७:२०, मुनीम". मग एका वेळी ५०-६० ओळींचा तुकडा द्या. पुढच्या तुकड्यात मागच्या १० ओळी पुन्हा येऊ द्या, कारण "हो, तसंच" या उत्तराचा प्रश्न चार ओळी आधी विचारलेला असतो. प्रत्येक मुद्द्यासाठी मॉडेलने जेसनमध्ये (स्क्रिप्टला वाचता येणारा ठरीव साचा) पाच रकाने भरायचे: ओळ क्रमांक, ओळीतले जसेच्या तसे शब्द, त्यातून निघणारे एक वाक्य, कोण बोलले, आणि काय ठरायचे राहिले. शेवटचा रकाना मोकळा सोडू देऊ नका. काहीच राहिले नसेल तर "नाही" असे लिहायला लावा.

पुढची पायरी साध्या स्क्रिप्टची. "जसेच्या तसे शब्द" त्या ओळीत खरोखर आहेत का, हे अक्षरन् अक्षर जुळवून पाहायचे. नसतील तर मुद्दा बाद. पदरचे घातलेले मुद्दे बहुतेक इथेच गळतात. उरतात ते असे, की शब्द खरे असतात पण त्यावरून काढलेले वाक्य चार पावले पुढे गेलेले असते. ते माणसानेच वाचायचे.

या जुळवणीत देवनागरीची एक खोच आहे. "व्यापाऱ्याला" यातला "ऱ्य" दोन तऱ्हांनी साठवलेला सापडतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, स्क्रिप्टला मात्र वेगळे. मजकूर युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित रूपात आणला तरी हा फरक जात नाही. दुसरे रूप पहिल्यात बदलणारी एक ओळ स्वतः लिहावी लागते, नाहीतर "दुसऱ्या गाडीत", "व्यापाऱ्याला" असे शब्द असलेले खरे मुद्देही बाद होतात, आणि वितरकाच्या मीटिंगमध्ये व्यापारी पदोपदी येतो.

सुटलेले शोधायला उलट बाजूने या. एकाही मुद्द्याला न जोडलेल्या ओळी वेगळ्या काढा आणि प्रत्येकीवर शिक्का मारा: गप्पा, माहिती, आधी येऊन गेलेले, की सुटलेला मुद्दा. शिक्का मॉडेलने सुचवला तरी चालेल, पण "माहिती" हा गट पूर्ण वाचा. "आमच्यात फुकट नग बिलात शून्य रुपयांनी दाखवतात" असे मुनीमजी म्हणतात तेव्हा ते काही मागत नसतात, चालत आलेली पद्धत सांगत असतात. मॉडेल ती ओळ माहिती म्हणून बाजूला टाकते, आणि नेमका नियम तिच्यातच असतो. तुमचा स्कीमच्या परतीचा मुद्दा बहुधा असाच गळला आहे.

आकड्यांच्या ओळी मात्र रेकॉर्डिंग लावून कानांनी तपासा. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच उतरवताना गफलत होते, आणि चुकलेला आकडा वाक्यात खपून जातो, नजरेला खटकत नाही. "परवा" हा शब्द कालच्या आधीचा दिवस आणि उद्याच्या नंतरचा दिवस, दोन्ही सांगतो. ओळीत क्रियापद नसेल तर मॉडेल एक अर्थ धरून पुढे जाते. तसेच "करून टाका", "चालेल" आणि "बघू" यांना एका मापाने मोजू नका. "बघू" म्हणजे ठरलेले नाही. हे प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला द्यायच्या सूचनेत, दोन-दोन उदाहरणे देऊन लिहावे लागते.

करपावती

वरच्या प्रतिसादाशी सहमत. कायद्याच्या आकड्यांबद्दल थोडी भर घालतो: ते मॉडेलच्या स्मरणातून घेऊ नका आणि मीटिंगमधल्या बोलण्यातूनही घेऊ नका.

तुमच्याच कामातले ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणे, घ्या. ते कोणाला बंधनकारक याची उलाढालीची मर्यादा ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी होती, जानेवारी २०२१ मध्ये १००, त्याच एप्रिलमध्ये ५०, एप्रिल २०२२ मध्ये २०, ऑक्टोबर २०२२ मध्ये १० आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. हे सगळेच आकडे इंटरनेटवरच्या लेखांत पडून आहेत. मॉडेल त्यातला कोणता उचलेल याचा नेम नाही, आणि उचलेल तो ठामपणे लिहील. दरांचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीच्या १२ आणि २८ टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू दुसऱ्या दरांत गेल्या. अंघोळीची साबणवडी आणि केसांचे तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आले. त्याआधीच्या मजकुरावर शिकलेले मॉडेल टेस्ट केस लिहिताना साबणाला १८ टक्केच लावते.

म्हणून असा मुद्दा आकडा न घालता लिहा: "बिलाच्या तारखेला लागू असलेली मर्यादा तक्त्यातून घ्यावी." तक्त्यात आकडा, लागू झाल्याची तारीख आणि अधिसूचनेचा क्रमांक. हे तिन्ही रकाने माणसाने मूळ कागद पाहून भरायचे.

ई-वे बिलात (माल वाहून नेताना करावी लागणारी ऑनलाइन नोंद) याहून बारीक गोष्ट आहे. एका मीटिंगमध्ये "५० हजारांवर ई-वे बिल" आणि दुसरीत "लाखाच्या वर" असे आले, तर मॉडेल एक तर विरोध दाखवते, नाहीतर दोन्ही एकत्र करून ५० हजार ठेवते. दुसरे जास्त वाईट, कारण ते कोणाच्या लक्षातच येत नाही. खरे तर दोघेही बरोबर बोललेले असतात: राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ५० हजार, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख. अट तेवढी बोलायची राहिली.

शिवाय नियमात "पेक्षा जास्त" आहे. राज्याबाहेर जाणारा माल बरोबर ५०,००० चा असेल तर या मर्यादेमुळे त्याला ई-वे बिल लागत नाही. मॉडेल कधीकधी "५०,००० किंवा अधिक" असे लिहून मोकळे होते. पुढे डेव्हलपर तेच कोडमध्ये उतरवतो. सीमेवरच्या आकड्याला तीन टेस्ट ठेवाच: ४९,९९९, ५०,००० आणि ५०,००१. ही किंमत कर धरून मोजायची असते, आणि एकाच बिलात करपात्र व करमुक्त माल असेल तर करमुक्त मालाची किंमत वगळून. किराण्यात असे मिश्र बिल रोजचे. मीटिंगमध्ये हे कोणी बोलणार नाही, त्यामुळे ओळी उचलून ते मिळणार नाही. कायद्यातून येणाऱ्या मुद्द्यांची यादी वेगळी करा आणि करसल्लागाराकडून वाचून घ्या.

गोदामघर

दोघांचेही आभार. "व्यापाऱ्याला" शोधून पाहिले, दोन्ही रूपे निघाली. आता दुहेरी मुद्द्यांकडे. वेक्टर शोधाने (वाक्यांचा अर्थ आकड्यांत मांडून जवळची वाक्ये शोधणे) सारखी वाक्ये जवळ येतात. त्यातूनच विरोधही सापडतो का?

जोडीतपास

नुसत्या वेक्टरने नाही सापडत. "पक्के झालेले बिल रद्द करता यावे" आणि "पक्के झालेले बिल रद्द करता येऊ नये" ही दोन वाक्ये त्या मापात अगदी शेजारी बसतात, कारण विषय एकच आणि नकाराचे वजन तिथे फार हलके. साम्य जास्त दिसले म्हणून त्यातले एक दुहेरी समजून काढून टाकलेत, तर विरोधच पुसला जातो. वेक्टर फक्त जोड्या निवडायला वापरा.

३०० मुद्दे धरले तर सगळ्या मिळून ४४,८५० जोड्या होतात. प्रत्येक मुद्द्याला सर्वांत जवळचे ८ घेतले तर जास्तीत जास्त २,४००, आणि अ-ब व ब-अ एकच मानले की आणखी कमी. या जोड्या मॉडेलला एकेक करून द्या. उत्तर ठरलेल्या पाचांपैकीच हवे: एकच आहेत, एक दुसऱ्यात सामावतो, विरोध आहे, अट वेगळी आहे, संबंध नाही. "अट वेगळी" हा पर्याय विसरू नका. तो नसेल तर करपावती यांनी सांगितलेली ५० हजार आणि एक लाखाची जोडी विरोधात जाऊन पडते. प्रत्येक जोडी उलट क्रमानेही विचारा. दोन वेळा दोन उत्तरे आली तर ती जोडी माणसाने पाहायची.

वेगवेगळ्या शब्दांत बोललेला विरोध मात्र या चाळणीतून निसटतो. एक मुद्दा म्हणतो, "माल पोचवल्यावर दुकानदाराने नग कमी घेतले तर तेच बिल दुरुस्त करावे." दुसरा म्हणतो, "पक्के बिल होताच ई-इन्व्हॉइस पोर्टलवर जावे." शब्द दूरचे, पण दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत: पोर्टलवर गेलेले ई-इन्व्हॉइस तिथे दुरुस्त होत नाही, २४ तासांत रद्द करता येते, त्यानंतर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढावी लागते. हे पकडायला प्रत्येक मुद्द्यापुढे दोन रकाने वाढवा: कोणत्या वस्तूला हात लागतो (बिल, ऑर्डर, उधारी, साठा) आणि तिची स्थिती कशातून कशात जाते (कच्चे, पक्के, पाठवलेले, रद्द). मग एकेका वस्तूचे सगळे मुद्दे एकत्र मॉडेलपुढे ठेवा आणि विचारा की या स्थितींतून जाताना कोणती दोन वाक्ये एकमेकांना अडवतात. गट वीसच्या आत राहिला तर उत्तर कामाचे येते.

आणि या सगळ्याच्या आधी शब्दांची यादी करा. पार्टी, ग्राहक आणि दुकानदार एकच का? "बिल" विक्रीचे की खरेदीचे? "रेट" कर धरून की सोडून? "स्कीम" कंपनीची की मालकांनी स्वतः दिलेली? तीस-चाळीस शब्द पुरतात. प्रत्येक प्रॉम्प्टच्या वर ही यादी जोडा. ती नसेल तर जोड्यांचे निम्मे काम पाण्यात जाते.

चाचणीवाली

वाक्ये कशी लिहून घ्यायची याबद्दल. रोल्स-रॉइसमधल्या अभियंत्यांनी २००९ मध्ये मांडलेली ईअर्स ही रचना मराठीत सहज बसते. कायमच्या नियमाला साधे वाक्य, घटनेला "जेव्हा… तेव्हा", चालू स्थितीला "जोवर… तोवर", नको असलेल्या प्रसंगाला "जर… तर", आणि काही ठिकाणीच असणाऱ्या सोयीला "जिथे… तिथे". मॉडेलला ही चौकट दिली की वाक्ये एकसारखी येतात. पण चौकट पुरी करायला ते मोकळी जागा स्वतःच भरते, म्हणून माहिती नसलेल्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायला स्पष्ट सांगा.

एक ओळ घेऊ: "लिमिट संपली की बिल अडवायचं, मोठ्या पार्ट्या सोडून." मॉडेल लिहिते: "जेव्हा ग्राहकाची उधारी मर्यादा ओलांडते, तेव्हा प्रणालीने बिल होऊ देऊ नये, प्रमुख ग्राहकांना यातून सूट असावी." वाचायला चोख आहे, टेस्ट लिहायला बसले तर हाती काही लागत नाही.

त्याऐवजी मॉडेलला सांगा: या ओळीवरून आकडे घालून सहा टेस्ट लिही, आणि जिथे निकाल ठरवता येत नाही तिथे प्रश्न विचार. मग खरे काम सुरू होते. मर्यादा ५०,०००, बाकी ४८,०००, नवे बिल ३,०००: अडवायचे, की बाकी आधीच ५०,००० झालेली असली तरच? ४,००० चा चेक हातात आहे पण वटलेला नाही, तो बाकीतून वजा धरायचा का? ऑर्डर घेताना मर्यादेत होता आणि गाडी भरेपर्यंत दुसऱ्या सेल्समनने आणखी एक बिल केले, तर कोणते अडवायचे? रक्कम मर्यादेत आहे पण ४५ दिवसांचे जुने बिल थकले आहे, मग? "मोठी पार्टी" ही खूण कोण लावतो आणि कोण काढतो? मालकांनी फोनवर "सोड" म्हटले, तर त्याची नोंद कुणाच्या नावावर?

हे प्रश्न आकड्यांसकट तसेच मालकांकडे न्या. "उधारी मर्यादेची व्याख्या काय" असे विचारले तर "तुम्हीच ठरवा" असे उत्तर येते. "४८ हजार बाकी आहे, ३ हजारांचं बिल आलंय, सोडायचं का?" याला लगेच हो किंवा नाही मिळते. एका बैठकीला दहा-बारा प्रश्नच न्या. त्यापुढची उत्तरे कंटाळ्याने दिलेली असतात.

संदिग्ध शब्दांना एआय लावायची गरज नाही, साधा शोध पुरतो: शक्यतो, लगेच, सहज, साधारण, वेळेवर, योग्य, गरजेनुसार, वगैरे, इत्यादी. यात "पर्यंत" जरूर घाला. "१५ तारखेपर्यंत" मध्ये १५ तारीख धरली की सोडली, यावरून भांडणे होतात.

बेसलाइन

१८४ आणि १७१ बद्दल. टेम्परेचर (उत्तरात किती फरक होऊ द्यायचा ती सेटिंग) शून्य ठेवले तरी ऑनलाइन सेवेतले मॉडेल दर वेळी अक्षरशः तेच देईल अशी खात्री नसते, आणि कंपनीने आवृत्ती बदलली की सगळेच हलते. म्हणून क्रमांक मॉडेलकडून घेऊ नका. मंजूर झालेल्या मुद्द्याला स्क्रिप्टने क्रमांक द्यावा, मा-००१ पासून. मुद्दा रद्द झाला तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नका.

एकदा मंजुरी झाली की पूर्ण यादी पुन्हा काढायची नाही. नव्या मीटिंगच्या ओळी आणि त्या विषयाचे मंजूर मुद्दे एवढेच मॉडेलला द्या, आणि त्याने फक्त सुचवायचे: नवा, बदल किंवा रद्द, कोणत्या ओळीवरून. एक मुद्दा एक मजकूर-फाइल असे गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांचा इतिहास जपणारे टूल) ठेवले तर बदल शब्दागणिक दिसतो आणि मंजुरी कोणी, कधी दिली तेही राहते. वापरलेला प्रॉम्प्ट आणि मॉडेलची आवृत्तीही तिथेच ठेवा.

नियम बदलला तर काय हलते, हे आधी क्रमांकावरून शोधा. जिराच्या नोंदीत, कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाच्या गिट-नोंदीत) आणि टेस्टच्या नावात मा-क्रमांक लिहायची शिस्त असेल तर त्याला एआय लागत नाही. त्यानंतर उरलेल्यांत मॉडेलला अंदाज करायला सांगा, पण त्याने जोडलेला दुवा माणसाने पाहीपर्यंत "सुचवलेला" अशा खुणेनेच राहू द्या. खूण नसेल तर तीन महिन्यांनी पक्का दुवा कोणता आणि अंदाज कोणता, हे कोणालाच सांगता येत नाही.

साठ ओळी निवडून त्यांचे बरोबर मुद्दे हाताने लिहून ठेवा. प्रॉम्प्ट किंवा मॉडेल बदलले की त्यांवर चालवा आणि दोनच आकडे मोजा: सुटलेले किती, घुसडलेले किती. सुटलेल्यांना जास्त वजन द्या. घुसडलेला मुद्दा मालक वाचतानाच "हे कोण बोललं?" म्हणून खोडतात. सुटलेला कोणाला दिसतच नाही, पहिला माल परत येईपर्यंत.

ओळक्रमांक यांच्याशी एका बाबतीत मतभेद. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रत्येक ओळीवर शिक्का मारत बसणे परवडत नाही. शुभसकाळ, अंगठे, फॉरवर्ड स्क्रिप्टने आधी काढा. मात्र मजकूर मीडियाशिवाय काढला असेल तर फोटो आणि व्हॉइस नोटच्या जागी नुसती "मीडिया वगळले" अशी ओळ राहते. हाताने दुरुस्त केलेल्या बिलाचा फोटो आणि मालकांची व्हॉइस नोट यांतच निर्णय असतात. त्या ओळी मोजा आणि मूळ फोनवरून मिळवा.

बाहेरच्या सेवेला मजकूर देण्याआधी फोन नंबर, खाते क्रमांक आणि दुकानदारांची नावे बदला. एका दुकानदाराला सगळीकडे एकच खोटे नाव, नाहीतर मुद्द्यांचे संदर्भ तुटतात.

गोदामघर

एक्सेलमध्ये सगळ्या पार्ट्यांचे जीएसटी क्रमांक आहेत. ते पूर्ण झाकायचे का?

बेसलाइन

पूर्ण नको. १५ अक्षरांपैकी पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. ते ठेवा, कारण राज्यातली विक्री की बाहेरची हे सहसा त्यावरून कळते, आणि ई-वे बिलाचे मुद्दे व करविभागणी यांना तेच लागते. पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. एकट्या मालकाच्या दुकानात तो त्या माणसाचा स्वतःचा पॅन असतो, म्हणून २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या नजरेतून ती वैयक्तिक माहिती धरा. त्या दहा अक्षरांच्या जागी बनावट पण प्रत्येक पार्टीला कायम तेच राहील असे काही घाला, आणि मूळ-बनावट जोड्यांचा तक्ता गिटमध्ये टाकू नका.